आखीन एक पाणी

काचेची नळी बाई आधी खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, मग नाकाशी न्यायच्या, डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आखीन एक पाणी."

तोवर ती नळी साबणातून आणि आम्लातून निघून सात वेळा नळाच्या पाण्याने आणि पाच वेळा डिस्टिल्ड वॉटरने धुतलेली असायची. माझ्या मते ती तिसऱ्या पाण्यालाच स्वच्छ झालेली असायची. पण माझं मत लॅबच्या नळ्या धुणाऱ्या बाईंनी कधी विचारलं नाही. मी बी.एस्सी. होते, वर लॅबचा डिप्लोमा केला होता आणि बाईंनी शाळेचं तोंड फारसं पाहिलं नव्हतं, तरी धुण्याच्या बाबतीत त्या मला पहिल्या इयत्तेत धरायच्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नवरा वीज केंद्रात आणि मी चंद्रपूर शहरातल्या एका लहानशा खाजगी प्रसूतिगृहात. सकाळी वीज मंडळाच्या बसने शहरात यायचं, संध्याकाळी घामेजून परत. अर्ध्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या गावात आमच्या दवाखान्याची वीज दिवसातून दोनदा जायची, आणि प्रत्येक वेळी माझ्या नवऱ्यानेच बटण बंद केल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहायचे.

आमचे डॉक्टर मुंबईला काही महिने राहून वंध्यत्वाचं नवं शास्त्र शिकून आले होते. शरीराबाहेर गर्भ दोन दिवस जगवायचा तर त्याला एक द्रव लागतो. क्षार, साखर आणि कायकाय बारीक मापाने घातलेलं पाणीच ते. डॉक्टर त्याला मीडियम म्हणत. त्याची पावडर मुंबईहून पाकिटांत यायची. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, बारीक गाळणीतून गाळायची आणि जिच्यावर उपचार करायचे तिच्याच रक्तातलं पिवळसर सीरम थोडं त्यात मिसळायचं. गर्भ वाढवण्याइतकी यंत्रं चंद्रपुरात नव्हती. म्हणून डॉक्टरांनी त्या द्रवाने निम्मंच काम सुरू केलं होतं. पुरुषाचं बीज कमजोर असेल तर ते या पाण्यात धुऊन तासभर उबेच्या पेटीत ठेवायचं. जे चपळ असेल ते पोहून वर येतं, तेवढंच घेऊन बायकोच्या गर्भाशयात सोडायचं. "आधी आपल्या पाण्यात बीज एक दिवस तगू दे, मग गर्भाचं बघू," असं डॉक्टर म्हणायचे. गर्भाचं बघायची वेळ आमच्याकडे कधी आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, उगीच आशा नको.

बाई त्या द्रवाला 'पोराचं पाणी' म्हणायच्या.

"ताई, हे पोराचं पाणी आहे. याच्यात साबणाचा एक थेंब राह्यला तं पोरगं कुठी जाईन?"

नळी परत हौदाकडे जायची.

त्या आधी गोल बाजारामागे गोळी सोड्याच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या. तिथेच त्यांना काच वाचता यायला लागली असावी. नळीच्या बुडाशी राहिलेला पांढरट थर मला भिंगाखाली दिसायचा नाही, तो त्यांना खिडकीशी उभ्या उभ्या दिसायचा. चंद्रपूरचं पाणी जड. डिस्टिल्ड वॉटर काढायच्या काचयंत्रात आठ दिवसांत खडूसारखी पुटं धरायची. बाई ती खरवडून काढायच्या आणि मग यंत्रासमोर स्टुलावर बसून थेंब पडताना पाहत राहायच्या. "दूध उतू जात नाई बाई," असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "दुधाले डोळे मिटून सोडता येते ताई. याले नाई."

डॉक्टरांनीच एकदा आम्हा दोघींना बसवून सांगितलं होतं की नुसती धूळ आणि साबणच नव्हे, वासही घातक असतो. उदबत्ती, अत्तर, फिनाईल, रंग, यांची वाफ हवेतून द्रवात उतरते आणि बीज मरतं. मी ते वहीत लिहून घेतलं. बाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावणं सोडलं. माझा मोगऱ्याचा गजरा दाराबाहेर खिळ्याला अडकवायला लावला. एका दिवशी डॉक्टर दाढीनंतर लावायचं काहीतरी सुवासिक लावून आले, तर बाई लॅबच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, आज बाहेरूनच सांगा काय सांगाचं ते."

"अहो, माझीच लॅब आहे ही."

"तुमचीच आहे ना. म्हणून तं."

डॉक्टर हसले, बाहेरूनच बोलले आणि पुन्हा कधी ते लावून आले नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एक नियम सांगितला की तो नियम सांगणाऱ्यालाच महागात पडतो.

इतकं करून यश किती यायचं ते विचारू नका. बायका यायच्या, कुठून कुठून यायच्या. मूल, सिंदेवाही, राजुरा, पार सिरोंचाहून. यायच्या तेव्हा नवं लुगडं, जायच्या तेव्हा तेच लुगडं चुरगळलेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. दर महिन्याला तोच बाक, तीच तोंडं, तोच प्रश्न. कधीतरी एखादीची पाळी चुकायची, पेढे यायचे आणि आम्ही पुढचे सहा महिने त्या पेढ्यांवर काढायचो. मला त्या कामाचा शीण यायला लागला होता. बाईंना येत नसावा, किंवा येत असला तरी तो त्यांनी हौदात टाकून वरून पाणी सोडलं असावं.

त्या बायकांतली एक एटापल्लीच्याही आतल्या जंगलातून यायची. नवरा वनरक्षक. पहाटेची एस.टी. धरली तर दुपारी चंद्रपूर. तिचं नाव शांता, पण बाईंनी तिला नाव पाडलं होतं, जंगलवाली. बीज नवऱ्याचं कमजोर होतं. हे डॉक्टरांना, मला आणि त्या दोघांना माहीत होतं. वरोऱ्याजवळच्या गावी राहणाऱ्या त्याच्या आईबापांना मात्र माहीत नव्हतं. घरी सांगू नका, असं त्याने डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं. त्यामुळे सासूच्या लेखी दोष सुनेचा, आणि तिने मुलासाठी दुसरी मुलगीसुद्धा पाहून ठेवली होती. मुलाने पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली होती. पावसाळा लागला की त्यांच्याकडचे नाले भरतात, रस्ता बंद होतो. म्हणजे उन्हाळ्यातले महिने काय ते हातात होते.

जंगलवाली तपासणी झाली की बाकावर सासूजवळ बसायची नाही. लॅबच्या हौदाशी येऊन उकिडवी बसायची. बाई तिच्या हातात धुतलेली नळी द्यायच्या.

"घे, पाहा वास."

"काईच नाई येऊन राह्यला."

"असाच पाह्यजे. काईच नाई."

मग दोघी हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कधी कळलं नाही, पण त्या पोरीला मी तेवढंच हसताना पाहिलं.

सासूने बाईंना पहिल्याच फेरीला ओळखलं होतं. माझ्याकडे वाकून, पण बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हे धुवणारी कोनाची वं?"

बाईंनीच उत्तर दिलं. "आम्ही बौद्ध. छप्पन साली माह्या बापानं दीक्षा घेतली. काऊन, पाणी पाह्यजे काय?"

"नाई नाई. तहान नाई मले."

मार्च संपत आला होता. म्हातारीचे ओठ सुकून फुटले होते. ती दुपारभर तशीच बसली आणि शेवटी स्टँडवर जाऊन पाणी प्यायली असावी. बाई आत येऊन तोंडाला पदर लावून हसल्या.

"पाहा ताई, बुढीले माह्या हातचं पाणी नाई चालत. नातू चालते."

मीही हसले. माझ्या वरोऱ्याच्या माहेरी बाईंसारख्या बायकांसाठी परसात वेगळा पेला असायचा. आपण नेमकं कोणाला हसतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मे आला.

चंद्रपूरचा मे ज्याने काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. उबेच्या पेटीचं काम आतली हवा सदतीस अंशावर ठेवायचं. पण पेटीला गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोलीच बेचाळिसावर गेली की पेटी बिचारी काय करणार! म्हणून व्हरांड्याकडच्या खिडकीला कूलर लावला होता, आणि आमचं सगळं शास्त्र त्या कूलरच्या गवतावर टिकून होतं. त्या वर्षी पाण्याची टंचाई होती. कूलरचं पाणी दोन दिवसांनी बदलायचं ते आठ आठ दिवस बदललं जाईना. त्याला कुबट, शेवाळी वास यायला लागला. दिवसभर तो अंगावर घेऊन मला मळमळायचं.

आमच्या ऊर्जानगरला घरोघरी एक रीत होती, अजूनही असेल. कूलरच्या पाण्यात वाळ्याच्या अत्तराचे चार थेंब टाकायचे. खोलीभर गार सुगंध सुटतो, उन्हाळा निम्मा वाटतो. मी घरची बाटली पर्समधून आणली आणि दवाखान्याच्या कूलरमध्ये टाकली. अत्तर लॅबमध्ये आणायचं नाही हे मला पाठ होतं, वहीत लिहिलेलं होतं. पण वाळा काही मला अत्तर वाटत नव्हता. वाळा म्हणजे माठातल्या पाण्यात टाकायची मुळी. आणि कूलर तर खिडकीच्या बाहेर होता. असं मी स्वतःला समजावलंसुद्धा नाही, इतकं ते सहज झालं.

बाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"ताई, वाळ्याचा वास येऊन राह्यला."

"येऊ द्या हो. वाळा थंड असतो."

"थंड असन. पण वास तो वासच ना."

"तुमचं नाक फारच झालंय बाई," मी म्हणाले. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आवाज चढला असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हौदाकडे गेल्या. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. चार दिवसांनी मला तो वास येईनासा झाला, नाकाला सवय झाली. मी थेंब टाकत राहिले.

नवा द्रव केला की आमची एक चाचणी असायची. चांगलं बीज थोडं त्यात टाकून पेटीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहायचं. पोहत असलं तर पाणी पास. त्या आठवड्यात पहिलं पाकीट नापास झालं. सगळं निश्चल. बाईंनी सगळ्या नळ्या पुन्हा धुतल्या, दुसरं पाकीट फोडलं. नापास. बाई तीन तास हौदाशी उभ्या राहिल्या, आम्लाने बोटांची सालं निघाली. तिसरं पाकीट. नापास. आणि जंगलवालीचा त्या महिन्याचा बीज सोडायचा दिवस नेमका दुसऱ्या दिवशी होता.

पाण्याविना काही करता येणार नव्हतं. डॉक्टर लॅबमधून बाहेर आले ते रागाने नव्हे, थकून आले. व्हरांड्यातला बाक भरलेला होता. जंगलवाली होती, तिचा नवरा होता, सासू होती, आणखी पाचसहा जणी होत्या. बाई नळ्यांचा ट्रे घेऊन समोरून येत होत्या.

"बाई, नळ्या घाण राहतात," डॉक्टर म्हणाले. "तीन पाकिटं गेली. या पोरीचा महिना गेला."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "साहेब, घाण नाई राहत."

"मग मरतं कशानं?"

बाकावरून सासूचा आवाज आला, "मी तं पहिल्याच दिवशी म्हणलं होतं."

ती पहिल्या दिवशी काय म्हणाली होती आणि आत्ता काय म्हणत होती, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. बाईंच्या आजीला गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता. ही गोष्ट बाईंनीच मला कधीतरी सांगितली होती, थेंब पडायची वाट पाहता पाहता. त्या आजीच्या नातीला भर व्हरांड्यात घाण म्हटलं होतं. डॉक्टरांच्या मनात तसलं काही नव्हतं, मी शपथेवर सांगेन. पण शब्द तोच होता.

बाईंनी ट्रे माझ्या हातात दिला. अंगावरचा एप्रन सोडला, घडी घातली, बाकाच्या कडेवर ठेवला. जाताना कूलरपाशी थांबल्या, एक श्वास घेतला आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी ट्रे धरून उभी होते.

दोन दिवसांनी कूलरची मोटर जळली. डॉक्टरांनी पेटी उचलून एक्स-रेच्या आतल्या खोलीत हलवली, तिथे ऊन पोचत नव्हतं. नळ्या आता मीच धुवायची. कंटाळून चार पाण्यांत आटपायची. पुढचं पाकीट फोडलं, चाचणी लावली आणि दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर सगळी हालचाल, जिवंत!

डॉक्टर खूश झाले. "बघा, तुम्ही हात लावलात आणि काम झालं. सांगत होतो ना, धुण्यातच चूक होती."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवड्याने कूलर दुरुस्त होऊन आला. टाकी भरली, मी पर्समधून वाळ्याची बाटली काढली, बूच उघडलं आणि हात तिथेच राहिला. माझ्या चार पाण्यांच्या घाणेरड्या नळ्यांत बीज जगलं होतं. बाईंच्या बारा पाण्यांच्या नळ्यांत मेलं होतं. मधे बदललं होतं ते काय, हे आता मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बूच लावून बाटली पर्समध्ये ठेवली. आणि तीन आठवडे मी कोणाला एक शब्द बोलले नाही. रोज सकाळी बसमध्ये ठरवायची, आज सांगू. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत ते ठरवणं विरून जायचं.

जून उजाडला. मृगाच्या आधी जंगलवाली आली, शेवटची फेरी. हौदाशी गेली आणि परत आली.

"ते बाई कुठी गेल्या?"

"त्या येत नाहीत आता."

तिने पुन्हा हौदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यायनं धुतलं असतं तं मले धीर आला असता ताई. आता काई हो, नाई हो. पण धीर आला असता."

त्या दुपारी मी बाईंच्या घरी गेले. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत एक खोली, दारात तुळस नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, जमीन आरशासारखी सारवलेली. बाईंनी मला बसायला चटई टाकली. पाण्याचा पेला घेतला, विसळला, उजेडाकडे धरला, पुन्हा विसळला आणि भरून दिला. मी घटाघटा प्यायले. अशा घरचं पाणी मी पहिल्यांदाच पीत होते, हे त्यांना कळलं असेल का, कोण जाणे.

"बाई, ते वाळ्यानं झालं. मी टाकलं होतं."

"मले माहीत आहे."

"मग त्या दिवशी बोलल्या काऊन नाही?" बोलता बोलता मीही त्यांच्यासारखंच बोलले.

"बोलली होती ना तुमाले. एक डाव बोलली. दुसऱ्या डावानं बोलाचं काम माह्यं नव्हतं ताई, तुमचं होतं."

मग मी त्यांना जंगलवालीबद्दल सांगितलं. बाईंनी पेला माझ्या हातातून घेतला.

"धुवाले येतो मी. तिच्यासाठी येतो. पण साहेब जिथी बोलले, तिथीच तुमी बोला. त्या बाकासमोर. नळ्या घाण नोहत्या, इतकंच. दुसरं काई नोको मले."

"बोलते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "झालं ते झालं. बाईंना बोलवा, मी त्यांची माफी मागतो इथे आत. पण पेशंटसमोर हे नको. लॅबमध्ये अत्तर टाकतात म्हटल्यावर उद्या इथे कोण येईल?" त्यांचं बोलणं चूक नव्हतं. मला तर ते देवासारखं वाटलं, कारण त्याने माझी सुटका होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. डोक्याला तेल नाही, हातात पिशवी. डॉक्टरांनी आत बोलावून त्यांची माफी मागितली. बाई "बरं साहेब," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी फक्त सहा नळ्या धुतल्या. जंगलवाली शेजारी उकिडवी बसली होती. अधूनमधून ऐकू यायचं, "आखीन एक पाणी." सहावी नळी उलटी ठेवून त्यांनी वर धुतलेलं फडकं टाकलं आणि हात पुसत व्हरांड्यात आल्या.

बाक भरलेला होता. सासू तिथेच होती, त्याच जागी. बाई कूलरजवळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मागणं नव्हतं त्या पाहण्यात. नळीकडे पाहायच्या तसंच पाहिलं.

माझ्या हातात केसपेपर होते. तोंड उघडलं. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. सासूने माझ्याकडे मान वर केली. सात शब्दांचं वाक्य होतं ते फार तर. आणि मी केसपेपरवरचं पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

बाईंनी पिशवी उचलली. "येतो ताई," म्हणाल्या. जंगलवालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. त्यानंतर त्या आमच्या दवाखान्यात कधी आल्या नाहीत.

त्या सहा नळ्यांतल्या पाण्यात ठेवलेलं चाचणीचं बीज एक दिवस जगलं. दुसऱ्या दिवशीही पोहत होतं. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना बोलावून दाखवलं, काहीकाही अजून हलत होतं. आमच्या लॅबमध्ये असं आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. डॉक्टर भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "काय हात आहे बाईंचा." हेही आतच म्हणाले.

त्याच पाण्यात धुतलेलं बीज सोडलं, पण जंगलवालीला दिवस राहिले नाहीत. नाले भरले, रस्ता बंद झाला.

दिवाळीनंतर तिचा नवरा एकटा आला, जुने कागद न्यायला. मी भीतभीतच विचारलं, घरी काय झालं म्हणून.

"काई नाई ताई. पोळ्याले नाला उतरला तं गावात गेलो होतो. सगळा भावकीचा जमाव होता. तिथीच सांगून टाकलं, कमी माह्यात आहे, तिच्यात नाई. रिपोर्टच दाखवला." तो थोडा हसला. "बाप चार दिवस नाई बोलला. बोलन हळूहळू. दुसरीचं नाव नाई काढलं मंग कोणी."

"सगळ्यांसमोर?"

"मंग? तिले सगळ्यायसमोरच म्हणत होते ना."

कागद घेऊन तो गेला. मी तशीच उठले, हाफ डे टाकला आणि रुळांपलीकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. बाईंना हाताला धरून आणायचं, बाक भरलेला असेल तेव्हा आणायचं, नोकरी गेली तर गेली. खोलीला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, लेकीकडे गेल्या, नागपूरला, सामान घेऊन गेल्या. पत्ता तिला नीट माहीत नव्हता. मी अर्धवट पत्त्यावर एक पत्र टाकलं, ते परत आलं. काही वर्षांनी आमच्या दवाखान्यातल्या आयाने बोलता बोलता सांगितलं की बाई वारल्या. तिलाही ते कोणाकडून तरी कळलं होतं.

पुढे मी बरीच वर्षं काम केलं. नवऱ्याची बदली झाली तिथे, मग दुसरीकडे. आता ते पाणी तयार येतं, छोट्या सीलबंद बाटल्यांत, थंड पेटीतून. नळ्या प्लास्टिकच्या, एकदा वापरून फेकायच्या. धुवायला कोणी लागत नाही. मी रिटायर होईपर्यंत नवी नळी पाकिटातून काढली की आधी उजेडाकडे धरायची, मग नाकाशी न्यायची. बरोबरच्या पोरी हसायच्या. मी काही सांगत नसे.

वाळा मला आता सहन होत नाही. उन्हाळ्यात कोणाच्या घरी तो वास आला की मी उठून व्हरांड्यात जाऊन बसते.

तो बाक आता नाही, दवाखानाही बंद झाला. सासू कधीच गेली असणार. तिथे त्या दिवशी बसलेल्यांपैकी एखादी हे वाचत असेल, अशी शक्यता जवळजवळ नाही. तरी वाचणारे तुम्ही चार जण आहात, म्हणजे आत दार लावून सांगितल्यासारखं हे होणार नाही. तर सांगते. वाळ्याचं अत्तर मी टाकलं होतं. बाईंच्या नळ्या घाण नव्हत्या.